लाखोळी : दोष दाण्याचा की दुष्काळाचा?

गोंदिया जिल्ह्यात धान अजून उभे असते आणि बांधीत पाऊल रुतेल इतकी ओल असते, तेव्हाच शेतकरी त्या उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकून देतो. नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. धान कापून बांधीबाहेर जाईपर्यंत खाली कोवळी रोपे वर आलेली असतात. पुढे धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर ती वाढतात, फुलतात आणि उन्हाळा तोंडावर येईतो दाण्याने भरतात. शेजारच्या छत्तीसगडात या पद्धतीला उतेरा म्हणतात. देवरी, सालेकसा, आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या धानपट्टीत लाखोळी, किंवा लाखोरी, हे गरिबाचे दुसरे पीक राहिले आहे. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, ती वाळवून ठेवताही येते. डाळीचे वरण होते, वडे आणि भजी होतात. दाण्यात शेकडा पंचवीसच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. इतक्या कमी खर्चात इतके देणारे कडधान्य सहसा सापडत नाही.

तरीही याच दाण्यावर अनेक दशके विक्रीबंदी होती, कारण त्यामुळे माणसे पांगळी होतात हे वैद्यकशास्त्राला पुरते ठाऊक होते. आजाराचे नाव लॅथिरिझम. गेल्या साठ वर्षांत या आजाराचा जो उलगडा होत गेला, त्यात बंगळूर, हैदराबाद, इथिओपिया आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळांचा हात आहे. तो उलगडा धानपट्टीतल्या लोकांना ठाऊक असायला हवा, कारण लाखोळीबद्दल आज दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते हे विष आहे, दुसरे म्हणते यात काहीच नाही. संशोधन या दोन्हींच्या बाजूने उभे राहत नाही.

आजाराची सुरुवात साधी असते. दिवसभर राबलेल्या तरुणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात. काही दिवसांत, कधीकधी एका रात्रीत, पाय ताठरतात. टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर चालावे लागते, गुडघे एकमेकांवर घासतात आणि पावले कात्रीसारखी आडवी पडतात. डॉक्टर या रोग्यांचे टप्पे त्यांच्या आधारावरून पाडतात : काठीविना चालणारा, एका काठीने चालणारा, दोन काठ्यांनी चालणारा आणि शेवटी हातांवर जोर देऊन बसल्या बसल्या सरकणारा. बुद्धी शाबूत राहते, पायांना स्पर्श कळतो, आयुष्यही सहसा कमी होत नाही. लाखोळी थांबवली तर आजार बहुधा पुढे सरकत नाही, पण गेलेले पाय परत येत नाहीत. विशी-तिशीतला माणूस उरलेली चाळीस वर्षे तशीच काढतो. त्याला बरे करणारे औषध आजही नाही.

मध्य भारतातली या आजाराची जुनी लेखी नोंद ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखल्या जाणाऱ्या विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याची आहे. १८२९ पासून सलग काही वर्षे सागरच्या परिसरात गहू आणि हरभरा हातचे गेले. त्या मोकळ्या शेतांत लाखोळीच तेवढी तगली आणि लोकांनी तीच खाऊन दिवस काढले. त्यानंतर तरुण माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. स्लीमनचे हे वर्णन १८४४ साली छापले गेले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. आजचा गोंदिया तेव्हा याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता, तो वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्या दुष्काळांच्या काळातल्या पांगळेपणाची पाहणी अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टरने केली आणि मध्य प्रांतातील लॅथिरिझमवर स्वतंत्र अहवाल लिहिला.

हा केवळ आपल्या मुलखाचा भोग नव्हता. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात १८११-१२ मध्ये माद्रिद शहर उपाशी पडले, तेव्हा लोक लाखोळीच्या पिठाच्या लापशीवर जगले. स्पॅनिश चित्रकार गोया याने त्याचे चित्र कोरून ठेवले आहे : लापशीभोवती जमलेली माणसे आणि शेजारी जमिनीवर पडलेली एक बाई. दुसऱ्या महायुद्धात आजच्या युक्रेनमधील वाप्नियार्का येथील छावणीत कोंडलेल्या ज्यू कैद्यांना जनावरांच्या चाऱ्यातली लाखोळी रोजचे जेवण म्हणून दिली गेली. काही महिन्यांतच शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडू लागले. आर्थर केसलर या कैदी डॉक्टरने कारण ओळखले, अन्न बदलण्यासाठी आवाज उठवला आणि पुढची अनेक वर्षे या रुग्णांचा पाठपुरावा केला.

सागर, माद्रिद, वाप्नियार्का. तिन्ही ठिकाणी दाणा तोच आहे, आणि तिन्ही ठिकाणी ताटात दुसरे जवळजवळ काही नाही. हा दुसरा भाग फार काळ दुर्लक्षित राहिला.

दाण्यात नेमके काय आहे, ते १९६४ साली कळले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. एका दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांना ते टोचले की त्यांची मान मागे ओढली जाई, झटके येत. त्याच वर्षी दिल्लीतल्या संशोधकांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे, शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. त्याआधी बरीच वर्षे संशोधन भलत्या वाटेने गेले होते. लाखोळीच्याच कुळातल्या शोभेच्या स्वीट पीने उंदरांची हाडे वाकतात हे दिसले होते आणि तेच या आजाराचे मूळ असावे असा अनेकांचा समज झाला होता. ते रसायन वेगळे निघाले. माणसाचे पाय हाडांमुळे जात नव्हते, मज्जासंस्थेमुळे जात होते.

मेंदूत एका चेतापेशीकडून दुसरीला निरोप पोचवणारे एक मुख्य रसायन म्हणजे ग्लुटामेट. निरोप पोचला की ते बाजूला काढले जाते आणि पेशी शांत होते. ओडॅपची घडण ग्लुटामेटसारखी असल्याने ते त्याच्या जागी जाऊन बसते आणि पेशीला सतत चेतवत राहते. पेशीत कॅल्शियम वाजवीपेक्षा जास्त शिरते आणि पेशी थकून मरते. याचा सर्वांत जास्त मारा होतो तो मेंदूच्या वरच्या थरातून निघून मज्जारज्जूत खालपर्यंत जाणाऱ्या, पायांना हलण्याचा हुकूम देणाऱ्या लांब चेतातंतूंवर. १९८६ साली पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून ओडॅप आणि पायांची ही लक्षणे यांचा संबंध दाखवला.

पण मग एकाच घरात, एकाच हंडीतले खाणाऱ्या दहा जणांपैकी एकाचेच पाय का जावेत? आणि त्यातही तरुण पुरुषांचेच जास्त का? बायकांनाही हा आजार होतो, पण कमी. ही गोष्ट जुन्या डॉक्टरांनीही नोंदवली होती.

या प्रश्नाचे भारतातून आलेले उत्तर फार मोलाचे आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मज्जाविज्ञान संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की ओडॅपचा पहिला घाव पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर पडतो. तिथल्या प्रथिनांमधले गंधकाचे काही बंध बिघडतात, ऊर्जानिर्मितीची एक मुख्य कडी बंद पडते आणि पेशीचा मृत्यू त्यानंतर येतो. हे बिघडलेले बंध दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत असते. ग्लुटाथायोन हे रसायन आणि ग्लुटारेडॉक्सिन हे विकर मिळून ते काम करतात. रवींद्रनाथ यांच्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात मादी उंदरांचा मेंदू या विषाला अधिक तग धरतो असे दिसले, कारण इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक ग्लुटारेडॉक्सिनची पातळी टिकवून धरते. पुरुषांना हा आजार अधिक का होतो, याचा पेशीच्या पातळीवरचा पटण्याजोगा खुलासा त्यातून मिळाला. त्याला अंगमेहनतीची जोड असावी असेही अनेक डॉक्टर मानतात. फार कष्ट पडले त्या दिवसानंतर पाय गेले, असे सांगणारे रुग्ण वेगवेगळ्या देशांत भेटले आहेत.

पेशीची दुरुस्ती करणारे ग्लुटाथायोन बनते गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीनपासून. लाखोळीत नेमकी हीच कमी असतात. भात, गहू, ज्वारी यांत ती तुलनेने बरी असतात, दूध, अंडी आणि मासळीत तर चांगलीच. भातासोबत वाटीभर लाखोळीचे वरण खाणाऱ्याच्या पोटात विष थोडे जाते आणि त्याला आवरणारी सामग्रीही जाते. नुसत्या लाखोळीवर राहणाऱ्याच्या पोटात विष भरपूर जाते आणि सामग्री जवळजवळ काहीच जात नाही. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोळीने व्यापला आणि ते दोन-तीन महिने चालले की धोका सुरू होतो, असा साधारण अनुभव आहे.

धानपट्टीतला दुष्काळ या गणिताला आणखी क्रूर करतो. पाऊस दगा देतो तेव्हा आधी धान जाते. लाखोळी मात्र कोरड्यातही तगते आणि पाणी साचले तरी लगेच मरत नाही, त्यामुळे घरात तीच उरते. त्यातच पाण्याचा ताण पडलेल्या झाडाच्या दाण्यात ओडॅप वाढते. जमिनीत जस्त कमी असले तरी ते वाढते, असे बेल्जियमच्या फर्नांड लांबाँ यांच्या गटाला आढळले आहे. थोडक्यात, ज्या वर्षी गरिबाला लाखोळी सर्वांत जास्त खावी लागते, त्याच वर्षी तिच्यात विषही सर्वांत जास्त असते. जिथे शेतमजुरी रोखीऐवजी धान्यात मिळत होती आणि मालक स्वस्तातली लाखोळी मजुराच्या पदरात टाकत होता, तिथे तर दुष्काळाचीही गरज नव्हती. विंध्य प्रदेशातल्या रीवा भागात हा आजार मजुरांच्या वस्त्यांत वर्षानुवर्षे टिकून राहिला, त्याचे हे मोठे कारण होते.

इथिओपियात १९९०च्या दशकात हा आजार पुन्हा मोठ्या प्रमाणावर उसळला. तिथे हेलेयसुस गेताहुन आणि लांबाँ यांनी पांगळे झालेले आणि न झालेले यांच्या जेवणाची तुलना केली. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले त्यांचे निष्कर्ष आपल्या स्वयंपाकघराशी थेट बोलतात. कच्चे किंवा नुसते उकडलेले दाणे खाणाऱ्यांना धोका जास्त होता. लाखोळीत दुसरे धान्य मिसळणाऱ्यांना, आणि कांदा, लसूण, आले यांसारख्या मसाल्यांसह तिचे कालवण करणाऱ्यांना तो कमी होता. दुष्काळात सरकारने आणि मदतसंस्थांनी वेळेवर धान्य पोचवले तर पाय वाचतात, हा त्या लेखाचा रोख होता.

त्याच्या कितीतरी आधी, १९६६ मध्ये, हैदराबादच्या पोषणशास्त्रज्ञांनी सी. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली एक घरगुती उपाय तपासून दाखवला होता. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले की विषाचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात हे खरे, पण पायांच्या तुलनेत हा तोटा सोसण्यासारखा आहे. हा उपाय इतका साधा असूनही तो गावोगाव पोचवण्यावर जितका जोर द्यायला हवा होता, तितका दिला गेला नाही. सरकारने दुसरी वाट धरली.

१९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तरतूद करून राज्यांना लाखोळीच्या विक्रीवर बंदी घालण्याचा अधिकार देण्यात आला. महाराष्ट्रानेही बंदी घातली. बंदी विकण्यावर होती, पिकवण्यावर नव्हती. त्यामुळे पूर्व विदर्भातला शेतकरी लाखोळी पेरत राहिला, घरी खात राहिला आणि बाजारात मात्र त्याला मोल मिळेना. दरम्यान तीच डाळ तुरीत आणि तिचे पीठ बेसनात मिसळून शहरांत विकले जाऊ लागले. गरजवंताला संरक्षण मिळाले नाही आणि शेतकऱ्याचा भाव मात्र पडला. या बंदीला नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. उपोषणे केली, न्यायालयाची दारे ठोठावली, पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्यांची बाजू मांडली. अखेर २००८ मध्ये महाराष्ट्राने विक्रीबंदी उठवली. पण केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत केसरी डाळ, म्हणजे लाखोळी, आणि तिची भेसळ यांवरचा निर्बंध तसाच ठेवला गेला. एकाच दाण्याबद्दल राज्याचा निर्णय एक आणि केंद्राचा नियम दुसरा, ही स्थिती शेतकऱ्यावर अन्याय करणारी आहे आणि ग्राहकाला गोंधळात टाकणारी आहे.

बंदी चुकीची होती म्हणून दाणा निरुपद्रवी ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अर्जुन खंदारे आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातली लाखोळीची खाण्यातली सवय आणि आजाराची सद्यस्थिती यांची पाहणी करून ती २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. एके काळी गावोगाव दिसणारा हा पांगळेपणा आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. या बदलाचे श्रेय बंदीला देता येत नाही, कारण बंदी असतानाही घराघरांत लाखोळी शिजतच होती. ते जाते बदललेल्या ताटाकडे. जुन्या मालगुजारी तलावांच्या जोडीला इटियाडोहसारख्या धरणांचे पाणी धानाला मिळू लागले, रेशनवर तांदूळ आणि गहू येऊ लागला, मजुरी रोखीत मिळू लागली. लाखोळी पोटभरीच्या अन्नाऐवजी तोंडी लावण्याचे अन्न झाली आणि आजार ओसरला.

शेतीशास्त्रानेही वाट काढली आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने रतन हे वाण दिले, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने प्रतीक आणि महातेवडा दिले. या वाणांत ओडॅप ०.१ टक्क्याहून कमी असते, तर जुन्या स्थानिक बियाण्यात ते याच्या कितीतरी पट असू शकते. अडचण एवढीच की लाखोळीत परागीभवन मधमाश्यांमुळे शेजारच्या शेतातूनही होते. एकट्या शेतकऱ्याने नवे बी पेरले आणि भोवती जुनेच राहिले तर काही हंगामांत मिसळ होते. त्यामुळे बियाणे बदलायचे तर गावाने मिळून बदलायला हवे आणि कृषी विभागाने ते दर काही वर्षांनी नव्याने पुरवायला हवे.

२०२३ मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधील संशोधकांनी आफ्रिकेतील सहकाऱ्यांसह लाखोळीचा जनुकसंच ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडला. तो ६ अब्जांहून अधिक अक्षरांचा आहे, माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे दुप्पट. ओडॅप तयार करणारी शेवटची दोन विकरे एकमेकांना धरून काम करतात हेही त्यांनी दाखवले. त्यातले एक विकर बंद पाडता आले तर पूर्ण निर्विष लाखोळी मिळू शकेल. ती अजून शेतात आलेली नाही. आणि दाण्याची आणखी एक बाजू आहे. लाखोळीत होमोआर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. रक्तात ते कमी असलेल्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळतात, असे २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले. यावरून लाखोळी हृदयाचे औषध आहे असे म्हणता येत नाही, कारण तसे कोणी सिद्ध केलेले नाही. पण विष एवढीच ज्याची ओळख होती, त्या दाण्याचा अभ्यास आता पौष्टिक पीक म्हणूनही होऊ लागला आहे. उष्णता वाढत असताना आणि पावसाचा भरवसा उरला नसताना, पाण्याविना येणारे कडधान्य जगाला हवे आहे.

गोंदियातल्या घराने लाखोळी सोडण्याचे कारण नाही. ती निवडून गरम पाण्यात भिजवावी, ते पाणी ओतून द्यावे, भाताबरोबर खावी, आणि दोन्ही वेळा रोज तीच खाण्याची पाळी येऊ देऊ नये. तुरीच्या डाळीत पाचरीच्या आकाराचे, कडा चौकोनी दिसणारे दाणे दिसले तर दुकानदाराला विचारावे. धान बुडालेल्या वर्षी मात्र ही जबाबदारी घराची राहत नाही. त्या वर्षी रेशनचे धान्य वेळेवर पोचले पाहिजे, आणि पोटऱ्यांत गोळे येतात, पाय ताठरतात अशी तक्रार घेऊन कोणी तरुण प्राथमिक आरोग्य केंद्रात आला, तर डॉक्टरने त्याला सर्वांत आधी विचारले पाहिजे की गेले दोन महिने घरात काय शिजते आहे.